जी.एस. घ्यावी की आफ्रिका ट्विन? शाफ्ट आणि चेनचा हिशेब

हजार सी.सी.वरच्या 'अ‍ॅडव्हेंचर' मोटारसायकलींचा विषय या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण या गाड्यांशी आमच्या वाचकांचा दोन बाजूंनी संबंध येतो. धंद्यात स्थिरावल्यावर किंवा आखातातल्या नोकरीची वर्षे संपवून आल्यावर, मनात राहिलेली गाडी एकदाची घेऊन टाकावी असे म्हणणारे काहीजण आहेत. आणि त्याहून पुष्कळ अधिक संख्येने आहेत ते गॅरेजवाले, टायरवाले, वेल्डर आणि सीटवाले. त्यांच्या दारात अशा गाड्या आता येऊ लागल्या आहेत. एकाला पंधरा-वीस लाख रुपये मोजायचे आहेत, दुसऱ्याला तेवढ्या किमतीच्या गाडीला पाना लावायचा आहे. दोघांनाही गाडीची बांधणी कळणे जरुरीचे आहे.

या वर्गात नावे अनेक असली तरी चर्चा फिरून फिरून दोनच गाड्यांवर येते. एक बी.एम.डब्ल्यू.ची जी.एस., जी बर्लिनच्या श्पांडाऊ कारखान्यात तयार होते. दुसरी होंडाची आफ्रिका ट्विन, जपानमधल्या कुमामोतो कारखान्याची. दोन्ही उत्तम आहेत यात वाद नाही. पण त्या एकसारख्या मुळीच नाहीत, आणि त्यांच्यातला खरा फरक जाहिरातीतल्या अश्वशक्तीत सापडत नाही. गाडी आडरानात उभी राहिली तर ती कोण, कुठे आणि कोणत्या हत्याराने चालू करणार, या प्रश्नात तो सापडतो. आम्ही या लेखात त्याच टोकाकडून सुरुवात करणार आहोत.

दोन्ही गाड्यांचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. बी.एम.डब्ल्यू.ने १९८० साली 'आर ८० जी/एस' बाजारात आणली. यातला 'जी' म्हणजे जर्मन भाषेतली ओबडधोबड जमीन आणि 'एस' म्हणजे रस्ता. एकाच गाडीने दोन्ही कामे करावीत ही कल्पना तेव्हा नवी होती. या गाडीने १९८१, १९८३, १९८४ आणि १९८५ साली पॅरिस-डकार ही वाळवंटी शर्यत जिंकली. त्यानंतर १९८६ ते १९८९ अशी लागोपाठ चार वर्षे ती होंडाच्या 'एन.एक्स.आर. ७५०' या शर्यतीच्या गाडीने जिंकली. त्या यशावर होंडाने १९८८ साली सामान्य गिऱ्हाइकासाठी ६५० सी.सी.ची आफ्रिका ट्विन काढली, ती पुढे १९९० पासून ७५० ची झाली आणि २००३ साली बंद पडली. २०१६ मध्ये ती ९९८ सी.सी. होऊन परतली, २०२० पासून १,०८४ सी.सी.ची झाली. जी.एस. मात्र मध्ये कधी थांबली नाही. २०१३ मध्ये तिच्या इंजिनाला पाण्याचे कूलिंग आले, २०१८ च्या अखेरीस १,२५४ सी.सी.चे इंजिन आले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये 'आर १३०० जी.एस.' जाहीर झाली. तेव्हा नव्या गाडीचा विचार करणाऱ्यापुढे आर १३०० आणि सी.आर.एफ. ११०० या दोन गाड्या असतात. जुनी घेणाऱ्यापुढे १२५० आणि १००० सुद्धा.

कागदावरचे आकडे असे. जी.एस. १३०० ची ताकद १४५ अश्वशक्ती, वजन पेट्रोलसह २३७ किलो. आफ्रिका ट्विनची ताकद सुमारे १०० अश्वशक्ती, वजन साध्या गिअरच्या गाडीचे २२६ किलोच्या आसपास, आणि ऑटोमॅटिक गिअरची असेल तर आणखी दहा किलो. ४५ अश्वशक्तीचा फरक ऐकायला मोठा वाटतो. पण आपल्या घाटात, आपल्या वाहतुकीत, शंभर अश्वशक्तीसुद्धा पुरी वापरायला मिळत नाही. तेव्हा हा आकडा बाजूला ठेवावा.

चाक फिरवते कोण?

मुख्य फरक इथे आहे. बी.एम.डब्ल्यू.ने १९२३ साली पहिली मोटारसायकल काढली तेव्हापासून तिच्या आडव्या जुळ्या इंजिनाच्या गाड्यांना चेन नाही, शाफ्ट आहे. इंजिनातून निघालेला दांडा मागच्या चिमट्याच्या पोटातून जाऊन तेलात बुडालेल्या दातेरी चाकांना फिरवतो आणि ती मागचे चाक फिरवतात. मोटारीच्या डिफरन्शियलचे काम ज्यांनी केले आहे त्यांना हे लगेच कळेल. याचा फायदा असा की हजारो किलोमीटर चालवूनही चेनला तेल द्या, ती ताणून घ्या, स्प्रॉकेटचे दात पाहा, ही कटकट राहत नाही. पावसात, चिखलात सगळी यंत्रणा झाकलेली. ठरल्या वेळी मागच्या पेटीतले तेल बदलले की झाले.

मग यात खोट कुठे? खोट अशी की शाफ्ट सहसा बिघडत नाही, पण बिघडला तर रस्त्याच्या कडेला त्याचे काहीही करता येत नाही. त्याच्या सांध्यांवर रबराचे बूट असतात. त्यातून पाणी आत शिरले की सांधा आतल्या आत गंजतो आणि बाहेरून दिसत नाही. पाण्याच्या कूलिंगच्या १२०० आणि १२५० मॉडेलांवर कंपनीला शाफ्टची तपासणी आणि ६० हजार किलोमीटरला बदली असा कार्यक्रम हाती घ्यावा लागला, तो याच कारणाने. कोकणच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गाडी वापरणाऱ्याने हे विसरू नये. ज्या गॅरेजात ही गाडी येते त्या कारागिराने मागचे चाक उचलून वर-खाली धरून हलवून पाहावे. खडखड लागली किंवा पेटीच्या सीलपाशी तेलाचा ओलावा दिसला तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे आणि गाडी कंपनीच्या वर्कशॉपकडे पाठवावी. स्वतः उघडण्याच्या भरीस पडू नये. आतल्या दात्यांमधले अंतर शिमने बसवलेले असते, आणि ते अंदाजाने जुळत नाही.

होंडाला चेन आहे. ती दर पाच-सातशे किलोमीटरला पुसून तेल मागते, धूळ-चिखलात त्याहूनही आधी. ढिलाई तपासावी लागते. नीट निगा राखली तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट मिळून वीस-पंचवीस हजार किलोमीटर जातात, हेळसांड केली तर त्याच्या निम्मे. खर्च आणि कष्ट दोन्ही आहेत. पण चेन डोळ्यांना दिसते. ती झिजू लागली की आधी आवाज करते, मग लांबते, मग कुठे तुटते. म्हणजे अगोदर सूचना मिळते. आणि तुटलीच तर जवळ एक जोडकडी आणि रिव्हेट मारण्याचे छोटे हत्यार असेल तर कोणत्याही तालुक्याच्या गावचा मिस्त्री ती जोडून देतो. जुनी चेन तशीच चालवत राहू नये, एवढेच. तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनाचे कवच फोडू शकते.

आमचे मत विचाराल तर असे आहे: जो माणूस दर रविवारी गाडीजवळ बसून अर्धा तास घालवतो त्याला चेनची अडचण नाही. ज्याला हात काळे करायचे नाहीत त्याने शाफ्ट घ्यावा, पण मग वर्कशॉप आपल्या गावापासून किती लांब आहे ते आधी मोजावे.

इंजिन आणि टॅपेट

जी.एस.च्या इंजिनाचे दोन सिलिंडर गाडीच्या दोन बाजूंना बाहेर आलेले असतात. दिसायला बोजड, पण कारागिराच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. टॅपेट तपासायचे असतील तर हेडचे झाकण बाजूनेच उघडते, पेट्रोलची टाकी उतरवावी लागत नाही. होंडाचे दोन्ही सिलिंडर शेजारी-शेजारी उभे असून टाकीखाली दडलेले असतात. टॅपेटसाठी टाकी आणि बरेच प्लास्टिक काढावे लागते, म्हणजे मजुरी वाढते. मात्र हे काम होंडात वारंवार निघत नाही. कंपनीच्या वेळापत्रकात ते २४ हजार किलोमीटरला येते.

बाहेर आलेल्या सिलिंडरांचा आणखी एक परिणाम. गाडी आडवी झाली तर ती सिलिंडरवर टेकते, पूर्ण लोळत नाही. त्यामुळे उचलायला थोडी सोपी जाते. पण गार्ड नसेल तर हेडचे झाकण दगडावर आपटते. जी.एस.वाल्याने सिलिंडर गार्डाशिवाय शोरूम सोडू नये.

होंडात 'डी.सी.टी.' नावाची ऑटोमॅटिक गिअरची सोय मिळते. दोन क्लच आलटून-पालटून काम करतात आणि हाताला क्लचचा दांडाच नाही. शहरातल्या गर्दीत, किंवा ज्यांचे डावे मनगट दुखते त्यांना ती वरदान वाटते. पण बॅटरी उतरली तर ही गाडी ढकलून चालू होत नाही. लांबच्या सफरीला निघणाऱ्याने छोटा जंप-स्टार्टर सोबत ठेवावा.

चाके आणि पंक्चर

साध्या आफ्रिका ट्विनचे पुढचे चाक २१ इंची आणि अरुंद, मागचे १८ इंची. जी.एस.चे पुढचे १९ इंची आणि रुंद, मागचे १७ इंची. मोठे अरुंद चाक खड्ड्यातून आणि दगडांवरून सहज वर चढते, तर लहान रुंद चाक डांबरी वळणावर अधिक विश्वासाने झुकते. नुसत्या चाकांवरूनही कोणत्या कंपनीने कोणत्या रस्त्याचा विचार अधिक केला ते कळते. (होंडानेही २०२४ पासून आपल्या 'अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स' या मोठ्या टाकीच्या गाडीला १९ इंची पुढचे चाक दिले आहे. म्हणजे घेणारे बहुतेक डांबरावरच फिरतात हे तिलाही पटलेले दिसते.)

टायरवाल्या वाचकांसाठी एक उपयोगाची गोष्ट. होंडाच्या पुढच्या टायरचे माप ९०/९०-२१ आहे, आणि जुन्या ४११ सी.सी. रॉयल एनफील्ड हिमालयनच्या पुढच्या टायरचे मापही तेच आहे. त्यामुळे या मापाचे टायर आणि ट्यूब आपल्याकडे लहान शहरांतही मिळतात. अडचणीच्या वेळी हे कामाला येते. मात्र टायरवरची वेगाची मर्यादा कमी असेल तर तो फक्त घरी पोचण्यापुरता वापरावा. जी.एस.चे १२०/७०-१९ आणि १७०/६०-१७ ही मापे गावात मिळणार नाहीत.

उलट पंक्चरच्या बाबतीत जी.एस. सरस आहे. तिचे टायर ट्यूबलेस, बाहेरून भोकात पट्टी भरली की काम झाले. मागचे चाक एकाच बाजूने धरलेले असल्याने पाच बोल्ट काढले की चाक हातात येते. भारतात आलेल्या साध्या आफ्रिका ट्विनला मात्र ट्यूब होती. चिखलात एकट्याने चाक काढून ट्यूब बदलणे काय असते ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. जुनी होंडा घेताना रिम ट्यूबची आहे की ट्यूबलेस, हे पहिल्यांदा विचारावे.

पेट्रोल

कंपन्यांच्या मापाप्रमाणे दोन्ही गाड्या लिटरला साधारण वीस किलोमीटर जातात. जी.एस.ची टाकी १९ लिटरची, साध्या आफ्रिका ट्विनची १८.८ लिटरची, म्हणजे एका टाकीत सुमारे ३८० किलोमीटर. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावरची 'पुढला पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी मोटारसायकलवाल्यांत वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. सामान लादलेली गाडी चढावर तेवढे ॲव्हरेज देत नाही, हे सांगायला नको. ज्याला अशा वाटा धरायच्या आहेत त्याने होंडाची सुमारे साडेचोवीस लिटरची अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स किंवा बी.एम.डब्ल्यू.ची ३० लिटरची जी.एस. अ‍ॅडव्हेंचर पाहावी. पण भरलेल्या टाकीचे वजनही पाहावे. ही दुसरी गाडी २७० किलोच्या घरात जाते.

इंजिनाचा दाबही लक्षात घ्यावा. जी.एस. १३०० चे कॉम्प्रेशन १३.३ ला १ आहे, २०२० च्या आफ्रिका ट्विनचे १०.१ ला १. जास्त दाबाच्या इंजिनाला चांगल्या दर्जाचे पेट्रोल हवे. दुर्गम भागात कॅनमधून किंवा बाटलीतून मिळणारे पेट्रोल होंडा अधिक सहजपणे पचवते.

कारागिरांसाठी

या गाड्यांवर सीट, पेट्या, गार्ड, जादा दिवे अशी कामे मिळतात आणि मजुरीही बरी मिळते. पण साध्या गाडीची सवय इथे उपयोगाची नाही. जादा दिव्याची वायर मूळ वायरिंग कापून जोडू नये. जी.एस.चा संगणक जादा भार ओळखून ती लाईन बंद करतो आणि मग गिऱ्हाईक आपल्याला दोष देतो. बॅटरीवरून वेगळा फ्यूज आणि रिले टाकून जोडणी करावी. वेल्डिंग करायचे तर गार्ड किंवा स्टँड गाडीवरून उतरवून करावे. गाडीवर करणे भागच पडले तर बॅटरीची जोडणी आधी काढावी, नाही तर हजारोंचा कंट्रोल युनिट क्षणात जळतो. चाकांचे आणि ब्रेकचे बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळू नयेत, टॉर्क पाना घ्यावा. तो नसेल तर ते काम घेऊ नये. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. सायलेन्सर बदलून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पैशाचे गणित

आर १३०० जी.एस. भारतात जून २०२४ मध्ये आली तेव्हा तिची शोरूम किंमत २० लाख ९५ हजार होती. ११०० सी.सी.ची आफ्रिका ट्विन मार्च २०२० मध्ये १५ लाख ३५ हजारांना आली होती. यावर आर.टी.ओ., विमा वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.वरच्या मोटारसायकलींवर ४० टक्के जी.एस.टी. लागतो. त्यापूर्वी उपकर धरून तो ३१ टक्के होता. करापूर्वी दहा लाखांची गाडी घेतली तर एकट्या या बदलाने ९० हजार वाढतात. तेव्हा जुन्या किमती मनात धरून शोरूमला जाऊ नये आणि कोणते मॉडेल खरोखर हजर आहे ते लेखी घ्यावे.

व्यापारी बांधवांचा एक गैरसमज इथे दूर करायला हवा. गाडी दुकानाच्या नावावर घेतली म्हणजे भरलेला जी.एस.टी. परत वळता होतो, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. माणसे वाहून नेणाऱ्या लहान वाहनांवरचा कर कायद्याने रोखलेला आहे. गाड्यांची विक्री किंवा चालवण्याचे प्रशिक्षण हाच ज्याचा धंदा आहे अशांना सूट आहे, कापडवाल्याला किंवा हार्डवेअरवाल्याला नाही. दहा लाखांवरच्या वाहनावर विक्रेता एक टक्का आयकर गोळा करतो. तो मात्र विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पावती जपून ठेवावी.

मग घ्यावी कोणती? घरातल्या माणसाला मागे बसवून, सामान लादून, डांबरावरून दिवसाला पाचशे-सहाशे किलोमीटर कापायचे असतील, कंपनीचे वर्कशॉप आपल्या शहरात असेल आणि खिसा सोसत असेल, तर जी.एस.सारखी दुसरी गाडी नाही. ब्रेक मारल्यावर तिचे तोंड खाली वाकत नाही, मागे बसलेल्याला धक्का जाणवत नाही. याउलट एकट्याने जायचे, मातीत जायचे, आणि वाटेत जो मिस्त्री भेटेल त्याच्यावर भागवायचे असेल तर आफ्रिका ट्विन घ्यावी. आमच्या वाचकांपैकी ज्यांची पहिलीच मोठी गाडी आहे त्यांनी दुसऱ्या मार्गाचा विचार आधी करावा असे आम्हाला वाटते, कारण पहिल्या वर्षी गाडी पडणारच आणि होंडा पडली तर नुकसान कमी होते.

बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी दोन्ही शोरूमच्या स्पेअर काउंटरवर जाऊन ब्रेक लिव्हर, आरसा, पुढची रिम, रेडिएटर आणि हेडलाईट यांचे भाव आणि माल यायला लागणारे दिवस कागदावर लिहून मागावेत. सेल्समन टाळाटाळ करील, तरी मागावेत. हेडलाईटचा भाव ऐकूनच पुष्कळांचा निर्णय होऊन जातो.